लाईट गेली की पाणी येतं का?

नवऱ्याने रविवारी सकाळी चहाबरोबर एक्सेल उघडलं की मी समजते, काहीतरी मोठं शिजतंय. न्यू जर्सीतल्या एडिसन गावचं घर घेताना उघडलं होतं, माझ्या बाबांच्या बायपासच्या वेळी उघडलं होतं, आणि २०२२ च्या सप्टेंबरात ग्रीन कार्ड पोस्टाने घरी आलं त्यानंतर दोनच रविवार गेले असतील, परत उघडलं. शीटचं नाव 'व्हर्मॉंट', म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं एक डोंगराळ राज्य. दोन रकाने, एक इथला, एक तिथला.

आमची प्रायॉरिटी डेट २०१२ ची. म्हणजे फाईल टाकल्यापासून कार्ड हातात यायला दहा वर्षं, आणि त्या दहा वर्षांत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर बॅगा भरा (२०१७ च्या आधी तर तेवढेही दिवस मिळत नव्हते), शिवाय कामाची जागा लांबच्या दुसऱ्या शहरात हलवायची म्हटलं की कंपनीने परत सगळे कागद भरायचे, वकील वेगळा, धाकधूक वेगळी. त्यामुळे आपल्याला कुठे राहायला आवडेल हा प्रश्न आम्ही एकमेकांना कधी विचारलाच नव्हता. विचारून उपयोग काय. नोकरी जिथे तिथे आपण, आणि नोकरी न्यू जर्सीत.

आता एकदम मोकळं सोडल्यावर दावं सुटलेल्या म्हशीसारखं झालं. दोन दिवस ती तिथेच उभी राहते, मग हळूहळू लक्षात येतं.

व्हर्मॉंटच का, तर दर ऑक्टोबरला झाडांची लाल-पिवळी झालेली पानं बघायला जायचो. एडिसनहून साधारण पाच-साडेपाच तास. राज्याची हद्द लागली की पहिल्यांदा काय जाणवतं तर रस्त्याकडेला एकही होर्डिंग नाही, १९६८ सालीच त्यांनी कायदा करून सगळी काढायला लावली. इथे टर्नपाइक हायवेवर 'अपघात झाला? आम्हाला फोन करा' वाल्या वकिलांचे दात बघत बघत आयुष्य गेलेल्या माणसाला ते मोकळं आकाश बघून रडू येतं, खोटं नाही सांगत. आणि राज्य केवढं, तर आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले की जवळपास झालं. त्यात माणसं किती, २०२० च्या जनगणनेत ६,४३,०७७. कोल्हापूर शहरात एकट्यात २०११ ला साडेपाच लाख होती. राजधानी माँटपेलियर, तिथे आठ हजार लोक, आपल्याकडे एवढ्या वस्तीला कोणी नगरपंचायतसुद्धा देईना. अमेरिकेतली ही एकच राजधानी जिथे मॅकडोनाल्ड नाही. परत येताना अल्बनीच्या आसपास कुठेतरी आमच्यापैकी कोणीतरी म्हणायचंच, काय हरकत आहे इथे राहायला यायला. मग गार्डन स्टेट पार्कवे लागायचा, ट्रॅफिक लागायचं आणि विषय संपायचा.

तर शीट. घर विकून आलेल्या पैशात तिथे जवळजवळ तेवढंच घर, वर एकरभर जागा, आणि कर्ज निम्म्याच्या खाली. प्रॉपर्टी टॅक्स, न्यू जर्सीत सरासरीच वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास आहे आणि आमचा त्याहून जास्त, तिथे कमी धरलेला. त्याचा ट्रेनचा पास, टोल, पार्किंग सगळं शून्य, कारण करोनापासून तो घरूनच काम करत होता आणि तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं की हे असंच चालणार. माझी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, त्याने गृहीत धरलं की हॉस्पिटलं सगळीकडेच असतात. बेरीज केली तर वर्षाला २६ हजार डॉलर वाचत होते. शिवाय त्याने कुठेतरी वाचलेलं की २०१८ साली या राज्याने कायदा करून बाहेरून येऊन घरून काम करणाऱ्यांना दोन वर्षांत मिळून दहा हजार डॉलरपर्यंत द्यायला सुरुवात केली होती, नंतर त्या योजनेचं रूप बदललं, रक्कम बदलली, पण मुद्दा तोच, या आणि राहा, पैसे घ्या.

नवरा खूश. मी म्हटलं, अरे, स्थळ जर म्हणत असेल की लग्नाचा सगळा खर्च आम्हीच करतो, तर आपल्याकडे आधी काय विचारतात? मुलात काय खोट आहे ते विचारतात.

खोट म्हणजे तशी काही नाही, म्हातारपण आहे. तिथलं मधलं वय ४३ च्या आसपास, देशातल्या सगळ्यात वयस्कर राज्यांपैकी एक. तरुण पोरं बॉस्टनला जातात, बेरोजगारी आकड्यात दिसते अडीच-तीन टक्के, पण ती कामं भरपूर आहेत म्हणून तेवढी कमी नाही, कामाला हातच नाहीत म्हणूनही आहे. आमच्या कोकणातल्या आत्याच्या गावात बेरोजगार मोजायला गेलात तर तिथेही एकही सापडणार नाही, सगळे मुंबईला.

त्या रविवारी रात्री बाबांना फोन केला. बाबा कोरेगावला असतात, आयुष्यभर एमएसईबीत होते, वडूज, मेढा, पाटण अशा बदल्या झाल्या, दुष्काळही बघितला आणि कोयनेचा पाऊसही. आम्ही लहानपणी दर तीन-चार वर्षांनी ट्रकमध्ये बसून नव्या गावी जायचो आणि आई म्हणायची की यांना शाळा दिसत नाही, घर दिसत नाही, पहिल्यांदा पाणी दिसतं. बाबांनी शांतपणे सगळं ऐकलं, २६ हजार डॉलर गुणिले ८० करून झालं असणार मनात, आणि विचारलं,

"पाणी कुठलं?"

"प्रत्येक घराची आपापली बोअर असते बाबा."

"लाईट जाते का?"

"जाते कधी कधी. ओला बर्फ पडला की झाडं तारांवर येतात."

"मग लाईट गेली की पाणी येतं का?"

मी गप्प. पंप विजेवर. घर गरम करायचा बॉयलर तेलावर चालतो पण तो पेटवायला आणि पाणी फिरवायला वीज लागतेच. म्हणजे जानेवारीत उणे वीसमध्ये लाईट गेली तर पाणी नाही, ऊब नाही, आणि थोड्या तासांनी नळाचे पाईप फुटायची भीती. दहा वर्षं पानं बघायला जाऊन आमच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता आणि कोरेगावात बसलेल्या माणसाने दोन मिनिटांत काढला. शीटमध्ये नवी ओळ आली, जनरेटर, ६,०००.

मग मात्र मी ठरवलं की ऑक्टोबरमध्ये बघून काही ठरवायचं नाही. स्थळ बघायला गेल्यावर पोहे चांगलेच असतात. त्याच नोव्हेंबरात गेलो. पानं गळून गेलेली, बर्फ अजून पडलेला नाही, सगळीकडे नुसत्या काड्या, तिथले लोक या दिवसांना स्टिक सीझनच म्हणतात. साडेचारला अंधार. निम्मी हॉटेलं बंद. पोरगी तेव्हा तेरा वर्षांची, मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, मोबाईलला रेंज नाहीये," आणि मला माहितीये हे फार क्षुल्लक वाटतं पण ते वाक्य पुढे चाळीस मिनिटं खरं होतं, तेव्हा मला वाटून गेलं की गाडी बंद पडली तर?

मे २०२३ मध्ये माँटपेलियरजवळ एक घर फार आवडलं. नदीच्या अगदी कडेला, मागच्या व्हरांड्यात बसलं की पाण्याचा आवाज. किंमतही बसत होती. मी बाबांना फोटो पाठवले, त्यांनी उत्तर म्हणून फक्त पाटणच्या जुन्या पुलाचा विषय काढला. आम्ही विचार करतोय करतोय तोवर जुलै आला आणि १० आणि ११ तारखेला त्या गावाचं अख्खं डाउनटाउन पाण्याखाली गेलं. ते घर राहिलं की गेलं मी कधी बघितलं नाही, हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी बरोबर त्याच तारखांना राज्यात परत पूर आला. शीटमध्ये आणखी एक ओळ, पूर विमा, आणि तिच्यापुढे नवऱ्याने आकडाच टाकला नाही, नुसतं 'नदीपासून लांब' असं लिहिलं.

आता खर्चाचं सांगते, कारण यातच सगळे फसतात. खेडं म्हणजे स्वस्त हे आपल्या डोक्यात गावाकडून आलेलं आहे, तिथे दूध घरचं, भाजी शेजारची, भाडं नाहीच. अमेरिकेतलं खेडं असं नसतं. जमीन स्वस्त असेल, पण त्या जमिनीवर जगायला जे लागतं ते सगळं लांबून गाडीत घालून आणायचं असतं. मोठी दुकानं म्हणाल तर अख्ख्या राज्यात एक कॉस्टको. टारगेट एक. वॉलमार्टसुद्धा सगळ्या राज्यांत शेवटी इथे आलं, १९९५ ला. हे ऐकायला फार गोड वाटतं, मलाही वाटायचं, डोंगरात मॉल नकोतच, पण मग पोरीचे बूट फाटले की सव्वा तास जा. पाइपलाइनचा गॅस फक्त वायव्येकडच्या दोन-तीन काउंटींत, बाकी ठिकाणी तेलाचा टँक, प्रोपेन नाहीतर लाकूड. आणि घरं? करोनात न्यूयॉर्क-बॉस्टनवाल्यांनी येऊन किमती चढवल्या, त्यात दर सहा-सात घरांमागे एक घर कोणाचं तरी सुट्टीतलं घर आहे, वर्षातले चाळीस दिवस दिवे लागतात. अलिबाग-मुरूडकडे बघा, तेच. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला गावात भाड्याने घर मिळत नाही आणि शेजारचे चार बंगले रिकामे. बाहेरून आलेल्याला तिकडे फ्लॅटलँडर म्हणतात, सपाटीवरचा माणूस. शिवी नाही तशी. पण आपण 'मुंबईचे पाहुणे' म्हणतो ना ज्या सुरात, तोच सूर.

या सगळ्यावर नवरा म्हणाला मग सोडून दे. मी म्हटलं, मी जाऊन राहून बघते.

आमच्या धंद्यात एक सोय आहे. लॅब टेक्नॉलॉजिस्ट कमी पडतात म्हणून हॉस्पिटलं एजन्सीमार्फत तेरा आठवड्यांच्या करारावर माणसं घेतात, नर्सेसचं असतं तसंच. न्यूयॉर्क राज्यात जायचं तर वेगळं लायसन्स लागतं, न्यू जर्सीत आणि व्हर्मॉंटमध्ये लागत नाही, एएससीपी या देशपातळीवरच्या संस्थेचं सर्टिफिकेट पुरतं. तर २०२४ च्या जानेवारीत, बरोबर संक्रांतीच्या दिवशी, गाडीत तिळाच्या वड्या, प्रेशर कुकर आणि नवे विंटर टायर घेऊन मी निघाले. हॉस्पिटल अगदी छोटं, फेडरल नियमाप्रमाणे ज्यांना पंचवीसपेक्षा जास्त खाटा ठेवता येत नाहीत त्यातलं. राहायला एका बाईंच्या घराचा वरचा मजला. बाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, शाळेतून रिटायर झालेल्या, आणि त्यांच्या घरात तेलाचा बॉयलर असूनही त्या मुख्यतः लाकडावर घर गरम ठेवायच्या. मला पहिल्याच दिवशी त्यांनी लाकडाचा ढीग दाखवला. लाकूड कॉर्डने मोजतात, चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी एक रास म्हणजे एक कॉर्ड. बाईंचा हिवाळा पाच कॉर्डचा. मला कळेना की एवढं मोजून मापून का सांगताहेत, नंतर कळलं, तिथे हे पगार सांगण्यासारखं आहे.

मी त्या तेरा आठवड्यांत एक वही ठेवली. नवऱ्याची शीट अंदाजाची होती, माझी वही खरी. बाईंनी त्यांची बिलंच काढून दिली मला, म्हणाल्या बघ. शेजारच्या घरचं तेल, सातशे गॅलन वर्षाला. ड्राइव्हवे साफ करणारा प्लाऊवाला, एका फेरीचे पन्नास डॉलर, हिवाळ्यात वीसेक फेऱ्या. दोन गाड्यांचे टायर. रस्त्यावरच्या मिठाने गाडीचा खालचा पत्रा सडतो त्याचं कोटिंग. सेप्टिक टँकचा उपसा. मी गाडीने किती फिरले तेही लिहिलं, तेरा आठवड्यांत साडेचार हजार मैल, आणि मी फिरायला कुठेही गेले नव्हते, फक्त काम, दूध आणि महिन्यातून दोनदा बर्लिंग्टनकडे डाळ-तांदूळ. तिकडे भूतानमधून निर्वासित म्हणून २००८ पासून आलेली नेपाळी कुटुंबं राहतात, त्यांच्या दुकानात सगळं मिळतं, मेथी, हिरव्या मिरच्या, मोहरीचं तेल. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानातल्या बाईंनी हिंदीत विचारलं, दीदी कहाँ से, आणि मी गवार हातात घेऊन पाच मिनिटं त्यांच्याशी उगाचच बोलत राहिले. एकटेपणावर याहून जास्त लिहीत नाही, ज्यांनी काढलाय त्यांना माहितीये.

नाइट शिफ्टला लॅबमध्ये मी एकटी. फ्रीजमध्ये ओ-निगेटिव्ह रक्ताच्या मोजून चार पिशव्या, आणि बाहेर बर्फ. एका रात्री प्रसूतीनंतर रक्तस्राव न थांबणारी एक बाई आली, वादळामुळे हेलिकॉप्टर उडेना, आणि मी त्या चारातली तिसरी पिशवी देताना मनात हिशेब करत होते की पुढचं रक्त रस्त्याने यायला किती वेळ लागेल. ती वाचली. पण खर्चाच्या वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं मला सुचलं नाही. आपण म्हातारपणी इथे राहणार, मी मनाशी म्हटलं, तर फ्रीजच्या या बाजूला नसणार मी, त्या बाजूला असणार.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी तिथे टाउन मीटिंग असते, अख्खं गाव शाळेच्या हॉलमध्ये जमून बजेटवर बोलतं आणि हात वर करून ठरवतं, म्हणजे आपली ग्रामसभा, फक्त कोरम खरोखर भरतो. बाई मला घेऊन गेल्या, मागे बसून बघ म्हणाल्या. एक शेतकरी उभा राहून म्हणाला, घराचा टॅक्स असाच वाढला तर माझ्या पोराला हे घर परवडणार नाही, आणि त्याच्यामागे शाळेच्या शिक्षिका उभ्या राहिल्या की बजेट कापलं तर संगीत आणि फ्रेंच बंद. दोघंही एकमेकांना नावाने ओळखणारे. त्या वर्षी राज्यातली जवळपास एक तृतीयांश शाळांची बजेटं लोकांनी पाडली, आणि तरी शेवटी उन्हाळ्यात शिक्षणासाठीचा प्रॉपर्टी टॅक्स सरासरी १३.८ टक्के वाढलाच, गव्हर्नरने नाकारलेलं बिल विधिमंडळाने परत पास केलं. नवऱ्याने शीटमध्ये टॅक्स दरवर्षी दोन टक्के वाढेल असं धरलं होतं. पोरं कमी, शाळा तेवढ्याच, भरणारे म्हातारे, मग दुसरं काय होणार.

८ एप्रिलला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि त्याचा पट्टा नेमका उत्तर व्हर्मॉंटवरून जात होता, म्हणून नवरा आणि पोरगी आदल्या दिवशी आले. शेतात उभं राहून बघितलं, दुपारी साडेतीनला अंधार, बाईंच्या कोंबड्या खुराड्यात गेल्या. पोरगी रडली. मग सगळे एकदम परत निघाले आणि साडेसहा लाखांच्या राज्यातल्या दोन हायवेंवर असा काही ट्रॅफिक लागला की या दोघांना एडिसनला पोचायला अकरा तास लागले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मी एकटी. गुढीला काठी नव्हती, बाईंनी स्कीचा पोल दिला, त्यावर माझी पैठणीची ओढणी आणि तांब्याऐवजी स्टीलचा मग. खाली सगळा चिखल, कारण तिथले अर्ध्याहून जास्त रस्ते कच्चे आणि एप्रिलात बर्फ वितळला की चाक टायरभर आत जातं, याचाही त्यांनी मड सीझन म्हणून ऋतू करून ठेवलाय. पोस्टमन थांबून विचारून गेला, कोणी विकतंय का घर?

करार संपताना हॉस्पिटलने विचारलं, कायमची राहतेस का. पगार तासाला ३६ डॉलर. एडिसनजवळ मला ४४ मिळतात. तासाला आठ डॉलर म्हणजे वर्षाला सोळा-सतरा हजार. घरी येऊन नवऱ्याने वहीतले सगळे खर्च शीटमध्ये चढवले, ते साधारण नऊ हजार झाले, मग माझ्या पगारातली घट घातली. २६ हजारांतून उरले चारशे डॉलर. वर्षाला. महिन्याचे तेहतीस. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, म्हटलं तेहतीस डॉलरसाठी एवढा चिखल.

पण खरं सांगू का, चारशेच्या जागी वीस हजार उरले असते तरी मी हो म्हटलं नसतं, आणि हे मला त्या शीटमधून कळलं नाही, नकाशातून कळलं. एका रात्री मी उगाच मोजायला बसले, माझ्या एडिसनच्या घरापासून पंचवीस मैलांत हॉस्पिटलं किती. वीस झाल्यावर मोजणं सोडलं. व्हर्मॉंटमध्ये अख्ख्या राज्यात सर्वसाधारण हॉस्पिटलं चौदा. त्यातली आठ माझ्या हॉस्पिटलसारखी पिटुकली. तिथून जवळच्या दुसऱ्या मोठ्या लॅबला जायचा एक छान घाटरस्ता आहे, स्मगलर्स नॉच, तो हिवाळ्यात बंदच असतो. म्हणजे उद्या माझं बॉसशी बिनसलं, किंवा लॅब मोठ्या हॉस्पिटलात विलीन झाली, तर एडिसनमध्ये मी दुसऱ्या आठवड्यात दुसरीकडे, आणि तिथे मला घर विकावं लागेल. नोकरी किती पगाराची हे आम्ही बघत होतो, ती गेल्यावर पुढची किती मैलांवर आहे हे बघायला पाहिजे होतं. बरं, ही भीती उगाच नव्हती. त्याच सप्टेंबरात राज्याच्या आरोग्य मंडळाने करवून घेतलेला अहवाल आला, चार छोट्या हॉस्पिटलांनी मुळापासून रूप बदललं नाही तर अवघड आहे असं त्यात होतं. तिथला जुना किस्सा सगळ्यांना पाठ आहे, एसेक्स जंक्शनला आयबीएमचा चिप बनवायचा कारखाना होता, एकेकाळी आठ हजारांवर माणसं, २०१५ ला तो दुसऱ्या कंपनीकडे गेला, आज दोन हजारांच्या आसपास. इचलकरंजीत एक गिरणी बंद झाली तर शेजारी दुसरी असायची. इथे शेजारी डोंगर आहे.

नवऱ्याचं तर आणखी मजेशीर. तो विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि व्हर्मॉंट विम्यात तसं मोठं नाव, मोठ्या कंपन्या स्वतःच्या विम्यासाठी ज्या पोटकंपन्या काढतात त्यांचा कायदा यांनी १९८१ लाच केला, त्यामुळे थोडं काम आहे तिकडे. तो म्हणायचा मला काय फरक पडतो, माझी नोकरी तर लॅपटॉपमध्ये आहे. २०२४ च्या दिवाळीच्या आधी कंपनीची ईमेल आली, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, अपवाद नाही. त्याने ती मला वाचून दाखवली, लॅपटॉप बंद केला आणि बेसन भाजायला आला, तोवर कधी आला नव्हता.

मग विषय संपला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि मग थोडं थांबून, "पण ती लाकडं रचायची पद्धत नीट सांग एकदा, साली वर ठेवतात की खाली?" मी म्हटलं, वर. पाऊस सालीवरून निथळतो. त्यांना पटलं.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. मी वर्षभर त्यांना सणाला वगैरे फोन करते, त्या मला बर्फ किती पडला ते सांगतात. म्हणाल्या, लाकूडवाला येऊन गेला, पुढच्या हिवाळ्याचं आत्ताच सांगायला लागतं, आत्ता फोडून रचलं तर ऑक्टोबरपर्यंत वाळतं, नाहीतर ओलं जळतं आणि धूर होतो. हॉस्पिटलमध्ये अजून माणूस मिळालेला नाही, जानेवारीचा करार परत निघणार आहे असं त्यांना कोणीतरी दुकानात सांगितलं होतं, त्यामुळे वरच्या मजल्यासाठी म्हणून जास्तीचं सांगू का, आणि सांगितलं तर किती.

नवरा ऑफिसच्या ट्रेनमध्ये होता. पोरगी आता सोळा वर्षांची, तिच्या खोलीत, दार बंद. मी स्वयंपाकघरात उभी, गॅसवर कुकरची दुसरी शिट्टी होत होती.

म्हटलं, दोन कॉर्ड सांगा. आणि पैसे आत्ता पाठवू का?